बाई, तुम्ही पान उलटायला लावलंत

ती. बाईंना शिरसाष्टांग नमस्कार.

हे पत्र पोस्टाने वाईला पाठवता आलं असतं. पण हक्कसोडपत्राच्या कागदापुढे बसवलेली बाई काही मी एकटी नाही, म्हणून चारचौघांत लिहितेय. तुम्हाला आवडणार नाही हे ठाऊक आहे. रागवा, पण वाचा.

अप्पांचं वर्षश्राद्ध झालं आणि घरात कागद तयार होता. थोरले चुलते म्हणाले, "शास्त्रात लेकीला चोळी-बांगडी आहे, वाटा नाही. सही कर आणि माहेर राख." वकिलांकडून कायदा कळला होताच. २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा हक्क मुलाएवढाच झालाय. महाराष्ट्राने तर १९९४ लाच पाऊल उचललं होतं, तेव्हा आधी लग्न झालेल्यांना वगळून का होईना. पण मला हक्क आहे की नाही हा माझा प्रश्नच नव्हता. अप्पांचं शेवटचं आजारपण भावाने आणि वहिनीने काढलं. मी सणावाराला जाणारी. अशा वेळी वाटा मागणं हा अधर्म का, हे मला कोणीतरी सांगायला हवं होतं, आणि ते सांगणं वकिलाचं काम नव्हे.

तुम्ही शाळेत संस्कृत शिकवलंत, त्याला जमाना झाला. तरी कृष्णेकाठच्या तुमच्या त्या खोलीत मी एखादा श्लोक मागायलाच आले होते. करावं किंवा करू नये, एका ओळीत. तुम्ही गीतेचा सोळावा अध्याय काढलात आणि शेवटच्या श्लोकावर बोट ठेवलंत : "तस्माच्छास्त्रं प्रमाणं ते कार्याकार्यव्यवस्थितौ." काय करावं, काय करू नये, हे ठरवताना शास्त्र हेच प्रमाण. मला वाटलं, झालं, चुलते जिंकले. तुम्ही म्हणालात, "पान उलट."

पुढच्याच श्लोकात अर्जुन विचारतो, जे शास्त्रविधी सोडून, पण श्रद्धेने वागतात त्यांचं काय? इतक्या वर्षांत हे दोन श्लोक एकमेकांना लागून आहेत हे मला कोणी दाखवलं नव्हतं. प्रवचनांत सोळावा एका दिवशी संपतो आणि सतरावा दुसऱ्या दिवशी सुरू होतो. मग तुम्ही ज्ञानेश्वरी उघडलीत. अर्जुनाच्या त्या शंकेला माउलींनी काय धार लावलीय! तक्षकाच्या फणीवरचा मणी काढायचा, सिंहाच्या नाकातला केस उपटायचा, त्यात तो मणी ओवायचा आणि मगच गळ्यात दागिना; नाहीतर गळा मोकळाच ठेवायचा का? सगळी शास्त्रं वाचून त्यांचा मेळ घालायला वेळ कुणाकडे, गुरू कुणाकडे? एवढं होऊनही देव अर्जुनाला शास्त्र फेकून दे म्हणत नाहीत. श्रद्धा कुठल्या जातीची आहे ते तपास म्हणतात, सात्त्विक, राजस की तामस. तुम्ही तेवढ्यावर थांबलात आणि चहा टाकायला उठलात. मला मात्र तिथेच घाम फुटला, कारण माझी श्रद्धा कुठली आणि जमिनीचा मोह कुठला, हे मला वेगळं करता येईना.

मधल्या दिवसांत मी स्वतःच शोधाशोध केली आणि मनुस्मृतीतला नवव्या अध्यायातला १३० वा श्लोक घेऊन धावत आले : "पुत्रेण दुहिता समा." मुलगी मुलासारखीच! चुलत्यांच्या तोंडावर मारायला याहून चांगलं काय? तुम्ही चष्मा लावलात आणि म्हणालात, "आधीचे श्लोक वाच. ज्याला मुलगा नाही त्याच्याबद्दल चाललंय. तुला भाऊ आहे." मग त्याच अध्यायातला ११८ वा दाखवलात : भावांनी आपापल्या वाट्यातून चौथा हिस्सा बहिणींना द्यावा, न देणारे पतित होतात. माझा चेहरा उजळतोय न उजळतोय तोच, "तोही कन्यांसाठी आहे, लग्न न झालेल्या." वर हेही ऐकवलंत की मनूचा आधार घ्यायचा तर २५ डिसेंबर १९२७ ला महाडला ही पोथी का जाळली गेली, तेही वाचून ये. बाई, तुम्ही माझ्या बाजूच्या होतात. तरीही माझ्या सोयीचा एक श्लोक तुम्ही माझ्या हाती राहू दिला नाहीत. खरे आभार मला याचेच मानायचेत.

चुलत्यांनाही तुम्ही तोच नियम लावलात. "कुठलं शास्त्र, कुठला श्लोक, एवढंच विचार." मी विचारलं. ते म्हणाले, "पूर्वापार आहे." म्हणजे श्लोक नव्हताच, रिवाज होता. अर्थात रिवाजालाही शास्त्रात जागा आहे. श्रुती, स्मृती, सदाचार आणि आपल्या आत्म्याला प्रिय वाटेल ते, ही धर्माची मुळं याज्ञवल्क्याने दिलीत. मी चौथ्यावर झडप घालणार हे ओळखून तुम्ही लगेच मिताक्षरा, म्हणजे याज्ञवल्क्यस्मृतीवरचं विज्ञानेश्वराचं भाष्य, पुढे केलीत. विज्ञानेश्वर तिथे हात आखडता घेतो : शास्त्राने दोन पर्याय मोकळे ठेवले असतील, तिथेच मनाला विचारायचं.

पण मिताक्षरेतली ती दुसरी जागा माझ्या डोक्यातून जात नाही. थोरल्या मुलाला जास्त वाटा, असा नियम शास्त्रात स्पष्ट आहे. विज्ञानेश्वर तो नाकारत नाही, नीट मांडतो, आणि मग म्हणतो की लोकांना तो असह्य झालाय, म्हणून आचरू नये. आधार याज्ञवल्क्याचाच : "अस्वर्ग्यं लोकविद्विष्टं धर्म्यमप्याचरेन्न तु." धर्माला धरून असलं तरी स्वर्गाला न नेणारं, लोकविद्विष्ट म्हणजे लोकांना नकोसं झालेलं, ते करू नये. हे चालुक्यांच्या कल्याणीत, नऊशे वर्षांपूर्वी, आणि विषय वाटणीचाच! मी विचारलं, मग काहीही बाजूला टाकता येईल की? तुम्ही म्हणालात, "त्याने आधी नियम पुरता मांडला. तेवढे कष्ट घे आणि मग टाक." मी दुसरी शंका काढली : आमच्या गावात तर बहिणीने वाटा घेणंच लोकांना खपत नाही, मग लोकविद्विष्ट मीच ठरते. त्यावर तुमचं उत्तर मी वहीत लिहून ठेवलंय. "लोक म्हणजे कोण ते आधी मोज. सह्या करून रिकाम्या हाताने परतलेल्या बायका त्यात धरल्यास का?"

शेवटी निर्णय तुम्ही दिला नाहीतच. अठराव्यातलं "यथेच्छसि तथा कुरु" म्हणालात, आणि त्याच्या आधीचं "विमृश्यैतदशेषेण" दोनदा म्हणालात. सगळ्याचा पुरता विचार कर, मग हवं ते कर.

तो कागद मी परत केला. घर भावाला राहावं, ज्याने सेवा केली त्याचं ते, एवढ्यापुरतं हक्कसोडपत्र आपणहून करून दिलं. मळ्याच्या सातबाऱ्यावर मात्र माझं नाव लागलंय. कसतो भाऊच. चुलते अजून बोलत नाहीत. भाऊ भाऊबीजेला आला, जेवला, ओवाळणी घातली, पण नेहमीसारखा रेंगाळला नाही. हे सगळं गोड झालं असं मी तुम्हाला खोटं लिहिणार नाही.

एक विचारायचं राहिलं. वहिनीच्या माहेरी आता तसाच कागद तयार होतोय. परवा तिने मला फोन करून हळूच विचारलं, "त्या वाईच्या बाई कुठे राहतात?" पत्ता देऊ ना?

तुमची विद्यार्थिनी