मनूस, स्किप्टनला निघण्याआधी

चि. मनू हिस,
अनेक आशीर्वाद.

काल रात्री फोन तू ठेवलास की तिकडची रेंज गेली, ते मी विचारत नाही. तू शुक्रवारी तिकडे इंग्लंडात लीड्सहून स्किप्टनची गाडी धरणार, बरोबर सायकल, आणि पुढचे चार दिवस डोंगरात एकटी. हे ऐकल्यावर मी जे बोलले ते बोलले. नंतर बाबा म्हणाले, "आज अडवशील तर पुढच्या वेळी ती सांगणारच नाही." ते मला पटलं. म्हणून हे पत्र तुला थांबवायला लिहीत नाहीये. फक्त वाटेबद्दल लिहायचं, एकटीचा विषय काढायचा नाही, असं ठरवून बसले आहे.

तू पाठवलेला नकाशा मोठा छापून आणला आणि ओट्यावरची भाजी तशीच ठेवून त्यावर पेन्सिल फिरवली. स्किप्टन, ग्रासिंग्टन, कोनिस्टन, केटलवेल. मग लिटनडेलच्या दरीत शिरून आर्नक्लिफ, लिटन, हॉल्टन गिल. तिथून चढून पेनिगेंट डोंगराच्या पायथ्यापासून खाली स्टेनफोर्थ, सेटल, आणि शेवटी मॅलमच्या तळ्यावरून परत. वाट फार विचार करून निवडली आहेस, मनू. ग्रासिंग्टनच्या पुढे मोठा रस्ता व्हार्फ नदीच्या पश्चिमेने जातो, गाड्यांची वर्दळ तिकडे. तू पूर्वेची कोनिस्टनची अरुंद सडक घेतलीस. तिथून किल्नसीचा कडा नदीपलीकडे पायथ्यापासून माथ्यापर्यंत एका नजरेत मावेल.

बाबांनी शोधून काढलं की २०१४ मध्ये टूर द फ्रान्स तुमच्या लीड्समधूनच सुटली होती आणि पहिल्याच दिवशी ती शर्यत केटलवेलवरून गेली. तेव्हापासून ते जो येईल त्याला सांगत सुटले आहेत, आमची मनू त्या रस्त्याने सायकल चालवणार. मोठ्या काकूंना तर दोनदा सांगून झालं. मलाही अभिमान वाटला. पण लगेच मनात आलं, त्या दिवशी रस्त्याच्या दोन्ही कडांना माणसंच माणसं असतील. तू जाशील तेव्हा कोण असेल?

काढणार नव्हते तो विषय निघालाच. निघाला आहे तर एकदा नीट सांगते. तू वणीत सायकल शिकलीस ती कोळशाच्या ट्रकांच्या रस्त्यावर. सातवीत राजूर फाट्याजवळ पडलीस तो दिवस मला अजून डोळ्यांसमोर आहे. ट्रक जवळून गेला, तू खडीत घसरलीस, आणि तू उठायच्या आत पंक्चरवाला, चहाच्या टपरीवरची दोघं आणि शेळ्या घेऊन जाणारी ती म्हातारी, सगळे गोळा झाले. पंक्चरवाल्याने तुझी सायकल खांद्यावर घेतली आणि तुला चालवत घरी आणलं. गुडघ्यात घुसलेली खडी मी चिमट्याने काढत होते, आणि तू रडायचं सोडून त्यालाच विचारत होतीस, "काका, चेन तुटली का?" त्याने तुझ्याकडून पैसे घेतले नाहीत. त्या रस्त्यावर धोका होता, पण माणसंही होती. आता तू ज्या रस्त्याचं कौतुक करतेस त्याचं कारण हेच ना, की तिथे कोणी नसतं? तुला जे आवडतं नेमकं त्याचीच मला भीती वाटते. हे कसं सोडवायचं ते मला कळत नाही.

असो. भूगोलाकडे येते, तिथे मला बोलायचा हक्क आहे.

चुनखडीचा प्रदेश मी आयुष्यभर फळ्यावर काढला. पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्ल होतं, खडकाच्या भेगांतून उतरतं आणि खडक विरघळवत जातं. मुलं लिहून घ्यायची, मीही पुढच्या धड्याकडे वळायची. तू ते प्रत्यक्ष बघणार आहेस. मॅलम कोव्हच्या माथ्यावर सायकल नेता येणार नाही, ती खाली कुलूप लावून ठेव आणि पायी वर जा. ८० मीटर उंचीचा कडा आहे, आणि वर उघड्या खडकाची फरशी: मोठे ठोकळे आणि त्यांच्यामध्ये खोल फटी. वाकून एखाद्या फटीत बघ. वर वाऱ्यात काही टिकत नाही, पण आत सावलीत, ओलीत, जिभेसारख्या लांब पानांची नेची असतात. बर्फाने माती खरवडून नेली आणि उघड्या पडलेल्या खडकावर पाण्याने हे काम केलं. पाय मात्र जपून टाक, तो खडक हजारो लोकांच्या बुटांनी गुळगुळीत झाला आहे आणि ओला असला तर फारच निसरडा. घोटा मुरगळला तर

नाही, ते वाक्य पुरं करत नाही.

मॅलमच्या तळ्याचं सांगते. चुनखडीत पाणी टिकत नाही, मग एवढं मोठं तळं कसं? तिथे चुनखडीच्या खालचा जुना पाटीचा खडक वर आला आहे, तो पाणी झिरपू देत नाही. तळ्यातून निघालेला ओढा दक्षिणेला थोडासा वाहतो आणि पाटीचा खडक संपून चुनखडी लागली की गोट्यांमध्ये गडप होतो. कोणालाही वाटेल, कोव्हच्या पायथ्याशी जो झरा निघतो तो हाच. पण तो वेगळा. तळ्याचं पाणी जमिनीखालून जाऊन मॅलम गावाच्याही खाली, एअर हेड नावाच्या जागी वर येतं. दोन्ही पाणी आत कुठेतरी एकमेकांना ओलांडून जातात. डिसेंबर २०१५ मध्ये एवढा पाऊस झाला की आतल्या वाटा भरून गेल्या आणि कोव्हवरून पुन्हा धबधबा कोसळला, लोक बघायला धावले.

याचाच अर्थ, वर पाणी मिळेल या भरवशावर राहू नकोस. नकाशावर निळी रेघ असली तरी उन्हाळ्यात लिटनडेलमधली स्कर्फेअर नदी कोरडी पडते, पाणी पोटातून वाहतं. दोन बाटल्या भरून घे. आर्नक्लिफ सुटल्यावर दुकान मिळेलच असं धरून चालू नकोस. खिशात शेंगदाणे-गूळ ठेव, चॉकलेटवर भागत नाही.

अजून एक, भिंती. शेतांच्या त्या दगडी भिंतींत सिमेंट-चुना काही नाही, नुसते दगडावर दगड. थांबशील तेव्हा जवळून बघ. कुठे तरी दगडात छोट्या गोल चकत्या दिसतील, मणी माळेतून सुटावेत तशा. त्या समुद्रलिली नावाच्या समुद्री प्राण्याच्या देठांच्या. साधारण ३३ कोटी वर्षांपूर्वी तो भाग विषुववृत्ताजवळ उथळ, कोमट समुद्राखाली होता. राजूरच्या भट्ट्यांमध्ये जो आपला दगड जाळतात तो याहून कितीतरी जुना, त्यात तुला शिंपला सापडणार नाही. लहानपणी त्या भट्ट्यांवरून आलीस की केस पांढरे करून यायचीस आणि आजी म्हणायची, ही म्हातारी कुठून आली. एक फोटो पाठव चकत्यांचा. वर्गात दाखवायला आता वर्ग नाही, पण मला बघायचा आहे.

आता उतार. चढाची मला काळजी नाही, चढावर तू हळू असशील. हॉल्टन गिलची चढण संपली की चारशे मीटरच्या वर पोचशील, आणि तिथून स्टेनफोर्थपर्यंत बराच उतार. तळ्यावरून मॅलममध्ये उतरतानाही तसंच: दोन्ही बाजूंना भिंती, मधे एक गाडी जेमतेम जाईल एवढी सडक, वळणापलीकडचं दिसत नाही. ब्रेक सतत दाबून ठेवू नकोस, रिम तापते. दाबायचा, सोडायचा. गुरं जाऊ नयेत म्हणून रस्त्यात आडवे लोखंडी गज टाकलेले असतात, त्यांच्यावरून सरळ जायचं, हँडल वळवायचं नाही आणि ब्रेकही नाही. ओले असतील तर उतरून चाल. फाटक लागलं तर मागे लावून घे, ते लोकांचं शेत आहे. आणि हे कोकरांचे दिवस आहेत. आई रस्त्याच्या एका बाजूला आणि कोकरू दुसऱ्या बाजूला दिसलं तर समजून जा, ते तू जवळ आल्यावरच आईकडे धावणार. आधीच थांब.

हे सगळं तुला माहीत असणार. तू वर्षभर तिथे सायकल चालवते आहेस, मी पुस्तकं आणि नकाशे बघून सांगते आहे. शिकवायला लागले की मला थांबता येत नाही, रागावू नकोस.

पण हे मात्र माहीत नसेल. क्लॅपहॅम नावाच्या गावात गुहांमधून आणि डोंगरांतून लोकांना सोडवणारं स्वयंसेवकांचं पथक आहे, १९३५ पासून. तुझ्या वाटेपासून फार लांब नाही. ९९९ ला फोन करून पोलीस मागायचे आणि माउंटन रेस्क्यू म्हणायचं. अपघात साधा रस्त्यावर झाला तर अ‍ॅम्ब्युलन्स. तुझ्या कंपनीची रेंज नसली तरी दुसऱ्या कंपनीची असेल तर ९९९ लागतो, म्हणून मोबाइलवर रेंज नाही असं दिसलं तरी लावून बघ. हे वाचल्यापासून मला थोडं बरं वाटतं आहे. गावातली कोणी तरी माणसं घरची कामं टाकून निघतात म्हणे. म्हणजे तिथेही पंक्चरवाला आहे, फक्त हाक जरा लांबून मारावी लागते.

तू एकटी का जातेस हे तू काल सांगत होतीस आणि मी मधेच बोलले. गटात गेलं की सगळे वेग बघतात, तुला थांबून बघायचं असतं, असं काहीसं. पुरं ऐकलं नाही मी. ते मला समजतं, मनू. शाळेच्या सहलीत अजिंठ्याला मी मुलांच्या डोक्यांची मोजदाद करत फिरले, एक चित्र धड पाहिलं नाही. तुझ्या वयात मला कोणी म्हटलं असतं, जा, एकटी जा, चार दिवस बघून ये, तर मी काय केलं असतं कोण जाणे. तू जाते आहेस याचा मला खरंच आनंद आहे, आणि रात्री झोप लागत नाही हेही खरं आहे.

तर एवढं कर. रोज सकाळी निघताना संध्याकाळी कुठल्या गावात मुक्काम ते लिहून पाठव, आणि मुक्कामाच्या मालकांनाही सांगून ठेव की अमुक वाजेपर्यंत पोचते. पोचलीस की एक शब्द, पोचले, बस. आमच्याकडे मध्यरात्र झाली तरी चालेल. दरी आहे, रेंज नसेल, तर त्यांच्या घरच्या फोनवरून कर, पैसे दे त्यांना. बाबा म्हणतात, तो निरोप ते बघतील आणि मला सकाळी सांगतील. तसं होणार नाही, मी जागीच असेन.

वाऱ्याचं जाकीट भडक रंगाचं घे, तो राखाडी नको. राखाडी भिंती, राखाडी आभाळ, त्यात कोणाला दिसणार आहेस. पैसे पाठवले आहेत, आज खात्यात बघ.

तुझी,
आई