आई-बाबा, पैसा आपला, पण मत कोणाचं?

पुणे

तीर्थरूप आई-बाबांस साष्टांग नमस्कार.

आईने पाठवलेला लीलो चेवडो पोचला, अर्धा ऑफिसात गेलासुद्धा. परवा फोनवर, आपला पैसा सांभाळणाऱ्या कंपन्या त्याच्या जोरावर काय काय ठरवतात, हा विषय अर्धवट राहिला. बाबा चिडूनच म्हणाले, "ब्लॅकरॉक काय अन् कोण काय, आपल्याला काय करायचंय? आपण पेन्शनवाली माणसं. सामान्य माणसाला हे समजून काय करायचं?" तेव्हा मला नीट सांगता आलं नाही, आणि विषय सोडूनही देववत नाही. म्हणून लिहितेय.

बाबा, ते मोठ्या लोकांचं जग आहे असं तुम्ही म्हणता. पण त्यातला पैसा मोठ्या लोकांचा नाही हो. ब्लॅकरॉक ही लोकांचा पैसा गुंतवणारी अमेरिकन कंपनी, 1988 साली सुरू झाली. आज ती 10 लाख कोटी डॉलरहून जास्त पैसा सांभाळते, आणि त्यातला मोठा भाग नोकरदारांनी म्हातारपणासाठी बाजूला ठेवलेला आहे. पैसा त्यांचा, पण त्या पैशातून ज्या कंपन्यांचे शेअर घेतले, त्यांच्या सभेत मत देते ती ब्लॅकरॉक. ती आणि तिच्यासारख्याच व्हॅनगार्ड आणि स्टेट स्ट्रीट या तिघींचे शेअर एकत्र धरले तर अमेरिकेतल्या 500 मोठ्या कंपन्यांपैकी बहुतेक ठिकाणी त्याच सगळ्यांत मोठ्या भागधारक ठरतात. 2021 मध्ये इंजिन नंबर वन नावाचा एक छोटासा फंड एक्सॉन या अमेरिकन तेल कंपनीच्या विरोधात उभा राहिला. त्याच्याकडे कंपनीचे जेमतेम 0.02 टक्के शेअर होते, तरी त्याचे तीन संचालक निवडून आले, कारण या बड्या फंडांनी त्याच्या उमेदवारांना मतं दिली. एवढ्या मोठ्या तेल कंपनीचं संचालक मंडळ बदललं, आणि ज्यांच्या पैशावर ती मतं पडली त्यांना कोणी विचारलंही नाही. मला त्या संचालकांबद्दल तक्रार नाही. उद्या हीच मतं उलट्या बाजूने पडली तरीसुद्धा कोणी विचारणार नाही, याची मला काळजी वाटते.

व्हॅनगार्डचे संस्थापक जॉन बोगल यांनी सामान्य माणसासाठी स्वस्त इंडेक्स फंड आणले, म्हणजे बाजाराच्या निर्देशांकातले सगळे शेअर जसेच्या तसे घेणारे फंड. त्यांनीच 2018 मध्ये लिहिलं होतं की मोजक्या फंड कंपन्यांच्या हाती सगळ्या मोठ्या कंपन्यांची मतं एकवटली तर ते देशाच्या हिताचं नाही. ज्याने हे घर बांधलं, तोच सांगत होता.

आता आपल्याकडचं बघा. पुण्यातलं सह्याद्री हॉस्पिटल तुम्हाला माहीत आहे. 2019 मध्ये एव्हरस्टोन या गुंतवणूक कंपनीने त्याचा ताबा घेतला. 2022 मध्ये तो कॅनडातल्या ऑन्टॅरिओ प्रांताच्या शिक्षकांच्या पेन्शन फंडाकडे गेला, आणि 2025 मध्ये मणिपाल या हॉस्पिटलांच्या साखळीने ते विकत घ्यायचा करार केला. मणिपालमध्ये मोठा हिस्सा सिंगापूर सरकारच्या टेमासेक या गुंतवणूक कंपनीचा. बाबा, तुम्ही आयुष्यभर शिक्षक होतात म्हणून मुद्दाम सांगते: तिकडच्या एखाद्या निवृत्त मास्तरांच्या पेन्शनचा एक धागा पुण्यातल्या पेशंटच्या बिलापर्यंत येत होता. त्या मास्तरांना ते ठाऊक नसणार, आणि पेशंटलाही नाही. यात गैर काही झालं असं मी म्हणत नाही. पण दवाखाना कोणाचा आहे, त्याला किती वर्षांत किती नफा काढून पुढे विकायचा आहे, हे माहीत असलं की माणूस खर्चाचा अंदाज हातात घेऊन दोन प्रश्न जास्त विचारतो.

दादा मकरपुरा जीआयडीसीत बसून "शेअरबाजार म्हणजे जुगार" म्हणतो ना, त्याला सांगा की त्याचा पीएफ त्या बाजारात केव्हाच गेलाय. ऑगस्ट 2015 पासून पीएफच्या नव्या जमेतला काही भाग ईटीएफमध्ये, म्हणजे शेअरबाजारातच विकल्या-घेतल्या जाणाऱ्या फंडांत जातो, आधी 5 टक्के, मग 15 टक्क्यांपर्यंत. आणि बाबा, तुमच्या एलआयसीच्या पॉलिसी? 2019 च्या जानेवारीत एलआयसीने आयडीबीआय बँकेचा 51 टक्के हिस्सा घेतला, 21 हजार कोटींहून जास्त रक्कम घालून. निर्णय बरोबर की चूक यावर तज्ज्ञांनी भांडावं. पण हप्ते भरणाऱ्यांच्या घरात त्यावर चहाच्या वेळी तरी बोलणं व्हायला हवं होतं. यूटीआय या सरकारी फंड संस्थेची यूएस-64 योजना तुम्हा दोघांना आठवत असेल. सरकारी म्हणून लाखो घरांनी डोळे मिटून त्यात पैसे ठेवले होते, आणि 2001 च्या जुलैत यूटीआयने युनिटं परत घेणं सहा महिन्यांसाठी थांबवलं. नंतर कळलं काय काय शेअर घेऊन ठेवले होते ते.

तुम्ही म्हणाल, शेअरबाजारावर देखरेख करणारी सेबी आहे की बघायला. आहे, आणि तिने चांगलं कामही केलंय. एप्रिल 2022 पासून आपल्याकडच्या म्युच्युअल फंडांना कंपन्यांच्या प्रत्येक ठरावावर मत द्यावंच लागतं, आणि कसं दिलं, का दिलं, हे वेबसाइटवर टाकावं लागतं. मी ते तक्ते उघडून बघते. कंपनीचं नाव, ठराव, बाजूने की विरोधात, पुढे एका ओळीत कारण. संचालकांचा मेहनताना, ऑडिटरची नेमणूक, सगळं तिथे असतं. वाचणारं कोणी नसेल तर ते छापून उपयोग काय?

बाबा, "सामान्य माणसाला हे समजून काय करायचं" हे वाक्य बडोद्याच्या माणसाच्या तोंडी मला खरंच खटकलं. सयाजीरावांनी 1906 मध्ये अख्ख्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, तेव्हाही शेतकऱ्याच्या पोराला अक्षरं कशाला हवीत असं म्हणणारे असतीलच. दोनच वर्षांनी, 1908 मध्ये, त्यांनी बँक ऑफ बडोदा काढली. दोन्ही गोष्टींचा तुम्हाला केवढा अभिमान आहे! सगळ्यांनी शेअरबाजारात उतरावं असं मी म्हणत नाहीये. आपला पैसा कोणाच्या हातात आहे आणि त्या पैशाच्या जोरावर तो कुठे काय ठरवतो, एवढं माहीत असावं.

आई, तू पाठवलेला म्युच्युअल फंडाच्या फॉर्मचा फोटो मी मोठा करून बघितला. सह्यांच्या जागी पेन्सिलीने फुल्या मारल्यात, नॉमिनीचा रकाना कोरा आहे, आणि खाली बारीक अक्षरात "रेग्युलर प्लॅन" लिहिलंय. म्हणजे विकणाऱ्याचं कमिशन दर वर्षी तुझ्या पैशातून जात राहणार. 2013 पासून तोच फंड "डायरेक्ट" घेता येतो, त्यात ते नसतं. बँकेतला तो मुलगा गोड बोलतो, मान्य, पण इतक्यात सही करू नकोस. आधी त्याला विचार, फंड कोणाचा, तुम्हाला यात किती मिळतं, आणि पैसे मधेच काढायचे झाले तर किती कापता. उत्तरं लिहून माग.

बाबांना माझं पटलं नसेल तर त्यांनी पत्रातच उत्तर द्यावं, फोनवर नको. फोनवर ते मला बोलूच देत नाहीत. आणि दादाला त्याच्या पीएफचं पासबुक एकदा उघडून तुम्हा दोघांना दाखवायला सांगा.

तुमची,
माधवी