मिरीचे झाड नसते, वेल असतो

महोदय,

रविवार पुरवणीतला मसाल्याच्या व्यापारावरचा लेख उत्तम. पण सोबतच्या चित्राखाली 'मलबारात मिरी तोडणारे मजूर' असे बिनदिक्कत छापले आहे, ते कुणी वाचून पाहिले होते का?

ते चित्र 1410-12च्या सुमारास पॅरिसमध्ये तयार झालेल्या हस्तलिखितातले आहे. बरगंडीच्या ड्यूकने 1413मध्ये ते आपल्या काकाला भेट दिले. मजकूर मार्को पोलोचा, स्थळ क्विलॉन, म्हणजे आजचे कोल्लम. चिताऱ्याने मिरी पाहिली असलीच तर ती वाण्याकडची, वाळलेली. म्हणून त्याचे गोरेपान गडी बुटक्या झाडांवरून पेरू काढावेत तशी मिरी काढतात आणि राजासमोर नेऊन धरतात. छान!

मिरीचा वेल पांगाऱ्यावर किंवा पोफळीवर चढवलेला असतो. तोडणारा शिडीवर, एक हात आधाराला, दुसऱ्याने घोस खुडायचा, पिशवी कमरेला. घोसात एखाद-दुसरा मणी पिवळा-नारिंगी झाला की तोडणी. घाई केली तर दाणे पोचट निघतात, उशीर केला तर पिकून गळतात आणि पाखरांचे फावते. मग घोस मळून मणी सुटे करायचे, उन्हात चांगले खडखडीत वाळवायचे. ओल राहिली की बुरशी आलीच. 100 किलो ओल्या मिरीची वाळून जेमतेम 33 किलो होते. ही मेहनत त्या चित्रात शोधून सापडणार नाही. तेच चित्र छापायचे होते तर निदान खालच्या ओळीत 'कल्पनाचित्र' एवढा शब्द तरी घालायचा.

इथली कष्टकरी माणसेच दाखवायची होती, तर रोमच्या कासानातेन्से ग्रंथालयात 1540च्या सुमाराचा चित्रसंग्रह आहे. 76 जलरंग चित्रे, बहुधा भारतीय हातची, खाली पोर्तुगीज ओळी. त्यात गोव्याची माणसे आहेत. तीही पोर्तुगीज गिऱ्हाइकासाठीच काढलेली, हे कबूल; पण काढणाऱ्याने निदान माणसे पाहिली होती. आपल्याला मात्र पॅरिसच जवळ पडले.

जाता जाता: त्याच अंकातल्या पाककृतीच्या सदरात 'पांढऱ्या मिरीचे झाड वेगळे' असे लिहिले आहे. वेल तोच! पिकलेले मणी आठवडाभर पाण्यात ठेवून साल चोळून काढली की मिरी पांढरी होते. पाणी रोज बदलले नाही तर तिला वास मारतो.

– एक बागायतदार, दापोली