आडनाव पाटील, आता शोधा मूळ!

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतला आडनावांवरून पूर्वज शोधायचा लेख वाचला. छान आहे, फोटो तर फारच छान. पण लेखकमहाशय स्वतः कधी असलं काही शोधायला बाहेर पडलेत असं वाटलं नाही. आडनावातला 'कर' काढला की गाव हातात म्हणे. वेंगुर्लेकरांना मिळेल हो, माझ्या आजीच्या माहेरचं आडनाव पाटील! ते मुळात आडनावच नाही, वतन आहे, कुलकर्णी, देशमुख, चौगुले तसंच. पाटील काय, गावोगाव होते.

त्यात आजीचं लग्नात नाव बदललेलं, सासरी लक्ष्मी आणि माहेरी ठकू. कोतवाल बुक, म्हणजे गावातल्या जन्ममृत्यूच्या नोंदीची जुनी वही, बघायला तालुक्याच्या कचेरीत चार खेटे घातले. 2023 ला कुणबी नोंदी शोधायला शिंदे समिती नेमली, तेव्हापासून ही बुकं कपाटाबाहेर आली आणि मोडी वाचणाऱ्यांना भाव आला, म्हणून वाचणारे एक काका तरी मिळाले. त्यांनी वाचलं काय, तर बापाचं नाव आणि पुढे नुसतं 'मुलगी'. बारशाच्या आधीच नोंद केलेली, नाव कुठनं असणार! आणि त्या बापाला मुली पाच, यातली माझी आजी कुठली? कारकून म्हणतो, मॅडम, आजोबांकडून शोधा ना, बायकांचं कशाला काढताय.

शेवटी नाशिक गाठलं. तिथले तीर्थोपाध्याय यात्रेला येणाऱ्या घराण्यांच्या वह्या ठेवतात. गुरुजी आडनाव ऐकून हसलेच, म्हणाले ते राहू द्या, गाव सांगा. गावावरून बासन सोडलं, वही काढली. आजीचा भाऊ बापाच्या अस्थी घेऊन आला होता तेव्हा त्यानं सगळं घर लिहून दिलेलं, भाऊ, पुतणे, मग बहिणी, आणि अगदी खाली 'बहीण ठकू, दिली' आणि पुढे आमच्या गावाचं नाव. मी गुरुजींना ती ओळ तीनदा वाचायला लावली.

असो. लेखासोबत नमुन्याची वंशावळ छापलीय त्यात सगळे पुरुष, बाई औषधाला नाही. आपोआप जन्मले वाटतं सगळे.

जाता जाता, मागच्या वर्षी आमच्या आत्याच्या निधनवार्तेत तुम्ही तिचं आडनाव चुकवलंत. फोन केला तर दुरुस्ती छापतो म्हणाले. तिचं वर्षश्राद्ध झालं, मी रोज पान उघडून बघते.

आपली,
एक जुनी वर्गणीदार