केडलस्टनहून घरी

डर्बी, नोव्हेंबर

ती. आई, बाबा आणि आजी यांस साष्टांग नमस्कार.

फोनवर तुम्ही सगळे एकदम बोलता आणि आजीला काही ऐकू येत नाही, म्हणून मुद्दाम पत्र. आई, दुपारी तिला सावकाश वाचून दाखव. माझी तब्येत, जेवणखाण सगळं नेहमीचंच. मेतकूट अजून पुरतंय.

आधी थंडीचं बोलते, कारण तू तेच विचारणार. हो, मी सामानाची निगा राखते त्या केडलस्टनच्या वाड्यात गारठा असतो. पण त्याला कारण आहे. या जुन्या वाड्यांमध्ये हीटर माणसांसाठी लावत नाहीत, सामानासाठी लावतात. हवेतला दमटपणा साधारण ५० ते ६५ टक्क्यांत ठेवायचा, म्हणजे लाकूड तडकत नाही आणि कापडाला बुरशी धरत नाही. तेवढं साधलं की हीटर बंद, मग आमचे दात वाजेनात का! मी आतून थर्मल आणि वरून दोन स्वेटर घालते, आणि चहा प्यायची खोली चांगली उबदार असते. तेव्हा सुंठीच्या वड्यांचं पार्सल नको. वड्यांपेक्षा पोस्टाचाच खर्च जास्त होतो.

दुसरं आत्याचं. "एम. ए. होऊन पोरगी साहेबाच्या घरी झाडू मारते" असं ती लग्नघरात बोलली म्हणे. तिला सांग, झाडू नाही, ब्रश. कोरीव लाकडाला डुकराच्या केसांचा आणि सोन्याच्या मुलाम्याला पोनीच्या मऊ केसांचा. धूळ उडवायची नाही, दुसऱ्या हातातल्या व्हॅक्यूमच्या नळीकडे हळूच सारायची. नळीच्या तोंडाला जाळी बांधलेली असते, मुलाम्याचा टवका सुटलाच तर आत ओढला जाऊ नये म्हणून. इथल्या दिवाणखान्यात निळ्या रेशमी कापडाचे चार लांबलचक सोफे आहेत. त्यांना साधे हात नाहीत, माशाची शेपटी असलेले बायकापुरुष कोरलेत, नखशिखांत सोनेरी. एकेका शेपटीच्या खवल्याखवल्यांत सकाळ कशी जाते कळत नाही. आणि आत्याला हेही सांग, की इथे अठराव्या शतकात मिसेस गार्नेट नावाच्या हाउसकीपर होत्या. आल्यागेल्याला घर त्याच दाखवायच्या. १७७७ साली इंग्रजी शब्दकोश लिहिणारा डॉ. जॉन्सन आपला चरित्रकार बॉझवेल याच्याबरोबर आला तेव्हाही त्यांनीच दाखवलं. हातात घराची माहितीपुस्तिका घेतलेलं त्यांचं तैलचित्र आजही इथे आहे. घर झाडणाऱ्या किती जणींचं तैलचित्र होतं?

आता एक गंमत. ती नीट समजावून सांगते, कारण मलाही कळायला वेळ लागला. खुर्च्या अडीचशे वर्षांच्या, लोक येणार, दमणार, बसणार. आपल्याकडे लाल अक्षरांत 'बसू नये. हुकुमावरून' अशी पाटी लागली असती. इथल्या अशा घरांत खुर्चीवर एक वाळकं काटेरी बोंड ठेवतात! टीझल म्हणतात त्याला. पूर्वी लोकरीच्या कापडाची लव उठवायला गिरण्यांत वापरायचे. काही घरांत त्याऐवजी पाइनचं फळ असतं. पाटी नाही, दोरी नाही, "अहो, उठा" नाही. एवढंसं बोंड बघून धिप्पाड माणूस गुमान पुढे जातो. एका आजोबांनी तर चक्क खुर्चीला 'सॉरी' म्हटलं. बोंड खरं तर उचलून बाजूला ठेवता येतं, पण कुणी ठेवत नाही. आपले काका असते तर बोंड खिशात आणि काका खुर्चीत, वर चहाची वाट बघत.

घर मोठं म्हणजे किती, तर दिवाणखान्याआधीच संगमरवरी दालनात गुलाबी छटेच्या अलाबास्टर नावाच्या मऊ दगडाचे २० खांब आहेत. त्यामागचं गोल दालन ६२ फूट उंच, रोमच्या पँथिऑन या प्राचीन देवळावर बेतलेलं. बड्या पाहुण्यांसाठीच्या पलंगाचे खांब म्हणजे माडासारखी झाडं, पायाशी मुळांसकट. त्यावर झोप कशी लागायची कोण जाणे. रॉबर्ट अ‍ॅडम या वास्तुकाराचं हे काम. बाबा, कलकत्त्याचं गव्हर्नमेंट हाउस, म्हणजे नंतरचं राजभवन, याच घराच्या नकाशावरून बेतलं. इथे चारपैकी दोनच बाजू बांधून झाल्या, तिथे चारही झाल्या.

हो, बाबा, बंगालच्या फाळणीचा कर्झन याच घरातला. त्यानं गोळा केलेल्या वस्तू तळमजल्यावर आहेत, आणि आजी, त्यात त्याच्या बायकोचा झगाही आहे. १९०३ च्या दिल्ली दरबारच्या वेळी घातलेला. जरीकाम दिल्लीच्या कारागिरांचं, शिवण पॅरिसची, वजन साडेचार किलोच्या आसपास. तुझ्या येवल्याच्या पैठणीवर पदरात मोर असतात, इथे अंगभर नुसती मोरपिसं, एकावर एक. प्रत्येक पिसाच्या डोळ्यात भुंग्याचा पंख शिवलाय. जरतार काळवंडलीय, पंख मात्र अजून हिरवे चमकतात. मला हात लावायची मुभा नाही, काचेतून बघते. बाबांना मी हे काम करते हे खटकतं, ठाऊक आहे. पण ते जरीकाम कर्झननं केलेलं नाही.

दादाच्या साखरपुड्याचे फोटो पाहिले. घर हिवाळ्यासाठी बंद करायचे दिवस होते, खिडक्या लावणं, सामानावर खोळी घालणं, रजा मागण्यात अर्थ नव्हता. आई, माझी हिरवी साडी तुलाच जास्त शोभली, खरंच. लग्नाला येते. तिकीट बघतेय, अजून काढलं नाही.

लीड्सच्या मुलाशी बोलले. चांगला वाटला. नोकरी कायमची आहे का, हे त्यानं लगेच विचारलं. नाही, असं मी सांगितलं. त्याला स्वयंपाक येतो का, हे मी विचारलं. नाही, असं त्यानं सांगितलं. मावशीला इतक्यात होकार कळवू नका, नकारही नको.

या महिन्यात पैसे थोडे कमी आलेत. खोली बदलली, डिपॉझिट भरावं लागलं. कर्जाचा हप्ता भरलाय, त्याची काळजी नको.

आजीच्या पायाला तेल कोण लावतं आता?

तुमची,
मीनल

ता. क. बाबा, पाठवलेले पैसे मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आहेत. माझ्या लग्नाच्या नावानं बँकेत टाकू नका. तारीख घेऊन दादाला कळवायला सांगा, मी त्याला विचारणार आहे.