ती. आई-बाबांस : त्या डिझेल स्विफ्टच्या किमतीविषयी

पुणे,
दि. 9 नोव्हेंबर 2025

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही सांगलीच्या त्या स्विफ्टबद्दल इतक्या उत्साहाने बोलत होतात की मध्येच अडवून शंका काढणे मला बरे वाटले नाही. शिवाय फोनवर बोललेले आकडे दोन्हीकडे नीट लक्षात राहत नाहीत, म्हणून सविस्तर लिहून पाठवते आहे. 2015 चे मॉडेल, व्हीडीआय (म्हणजे डिझेल), एमएच 10 पासिंग, दुसरा मालक, मीटरवर 61,000 किलोमीटर आणि सांगितलेली किंमत 4,25,000 रुपये. हा भाव रास्त आहे का, एवढेच तुम्ही विचारले होते. आज आपल्या हातात जेवढी माहिती आहे तेवढ्यावरून मला तो रास्त वाटत नाही. आणि मीटरवरचा जो कमी आकडा पाहून तुम्हाला तो रास्त वाटतो, त्या आकड्यावरच माझा सर्वांत कमी भरवसा आहे.

तसे वाटण्याचे कारण सांगते. 2012 च्या सुमारास दिल्लीत पेट्रोल 73 रुपयांवर होते आणि डिझेल 41 च्या घरात. तेव्हा डिझेल गाड्यांसाठी लोक रांगा लावत. पुढे ऑक्टोबर 2014 मध्ये केंद्र सरकारने डिझेलचे भाव नियंत्रणमुक्त केले आणि हे अंतर आणखी आटले. त्यानंतरही 2015 मध्ये पेट्रोलच्या गाडीपेक्षा लाखाच्या आसपास जास्त रक्कम मोजून ज्याने डिझेल घेतले, त्याने बहुधा आपले फिरणे जास्त आहे हा हिशेब करूनच घेतले असणार. अशा माणसाची गाडी दहा वर्षांत 61,000, म्हणजे महिन्याला जेमतेम 500 किलोमीटर फिरली, हे अशक्य नाही, पण ते पुराव्याशिवाय मानता येणार नाही. मीटर मागे फिरवायला आज अर्धा तासही लागत नाही.

हे मी ऐकीव सांगत नाही. 2019 मध्ये मी इथे एका विक्रेत्याकडून जी जुनी डिझेल गाडी घेतली, तिच्या मीटरवर 48,000 होते. सहा महिन्यांत टर्बो, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा भाग, गेला, तेव्हा मेकॅनिकने गाडीच्या नंबरावरून जुन्या सर्व्हिसच्या नोंदी काढून दाखवल्या. त्यांतली शेवटची नोंद 1,12,000 किलोमीटरची होती. त्या वेळी तुम्हाला मी फक्त ‘थोडे काम निघाले’ एवढेच कळवले होते. खरे तर पस्तीस हजारांवर खर्च झाला, आणि तो सोसला गेला कारण माझा पगार चालू होता. बाबा, तुमच्या निवृत्तिवेतनातून तसा खर्च निघावा अशी माझी मुळीच इच्छा नाही.

म्हणून पहिली विनंती अशी की, मालकाकडून सर्व्हिसचे पुस्तक आणि कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमधला नोंदींचा उतारा मागून घ्यावा. या गाडीची सर्व्हिस साधारणपणे दर 10,000 किलोमीटरला किंवा वर्षाला होते, तेव्हा दहा वर्षांच्या आठ-दहा तरी नोंदी सापडायला हव्यात आणि त्यांतले किलोमीटर क्रमाने वाढत गेलेले दिसायला हवेत. नोंदी मिळाल्या नाहीत तर गाडीकडेच पाहावे. टायरच्या बाजूवर चार आकडे कोरलेले असतात. पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे, म्हणजे 2318 असेल तर तो टायर 2018 च्या तेविसाव्या आठवड्यातला. एकसष्ट हजारांत टायरची दुसरी जोडी समजू शकते, तिसरी असेल तर प्रश्न विचारायलाच हवा. क्लचच्या पायपट्टीचे रबर, स्टिअरिंगवरची झिजून आलेली चकाकी आणि ड्रायव्हरच्या सीटची दाराकडची बसलेली कड, या तीन गोष्टी बदलायचे सहसा कुणाच्या मनात येत नाही, म्हणून गाडी खरी किती फिरली याचा अंदाज त्यांच्या झिजेवरून येतो.

आता समजा, आकडा खरा निघाला. तरीही डिझेल गाडीच्या बाबतीत कमी फिरणे हा निर्भेळ गुण नाही, हे मला माझ्या गाडीने शिकवले. घर ते बाजार आणि बाजार ते घर अशा तीन-चार किलोमीटरच्या फेऱ्यांत डिझेल इंजिन पुरेसे तापतच नाही. मग धुराचा काही भाग इंजिनात परत पाठवणाऱ्या ईजीआर व्हॉल्व्हमध्ये काजळी साठत जाते, बॅटरी पुरती चार्ज होत नाही आणि वर्षानुवर्षे टाकीच्या तळाशी राहिलेल्या डिझेलातले पाणी इंजिनात डिझेल फवारणाऱ्या इंजेक्टरांपर्यंत पोहोचू शकते. हमरस्त्यावर 1,10,000 किलोमीटर चाललेली आणि प्रत्येक सर्व्हिसची नोंद असलेली गाडी मी, नोंदी नसलेल्या एकसष्ट हजारांच्या गाडीपेक्षा जास्त किमतीला घेईन. तुम्हाला हे उलटे वाटेल, पण ज्या मेकॅनिकने माझी गाडी रुळावर आणली त्याचेही मत असेच आहे.

गाडी वाईट आहे असे मात्र मी म्हणत नाही. तिच्यातले 1248 सीसीचे इंजिन मूळचे फियाटचे. तेच स्विफ्ट, डिझायर आणि रिट्झमध्ये होते, टाटांच्या इंडिका व्हिस्टामध्येही होते, त्यामुळे ते खोलता-जोडता येणारा माणूस आपल्याकडे तालुक्याच्या गावीही भेटतो. त्याला टायमिंग बेल्ट नसून चेन आहे, म्हणजे ठरावीक किलोमीटरला बेल्ट बदलण्याचा खर्च नाही. मारुतीने एप्रिल 2020 मध्ये, प्रदूषणाचे बीएस 6 निकष लागू होताना, डिझेल गाड्या बंद केल्या. पण इतक्या गाड्या रस्त्यावर आहेत की सुट्या भागांची आज अडचण नाही. शिवाय नव्या डिझेल गाड्यांत काजळी गाळणारा जो फिल्टर छोट्या फेऱ्यांत तुंबतो, तो या बीएस 4 गाडीत नाही, आणि तुमच्या वापराला ही जमेची बाजू आहे. मात्र इंजिन हळू फिरत असताना, म्हणजे कमी आरपीएमवर, त्यात जोर नसतो. टर्बो लागेपर्यंत गाडी मरगळल्यासारखी वाटते, आणि कुंभार्ली घाटात वारंवार गिअर खाली आणावा लागेल. तुमच्या डाव्या गुडघ्याला तो क्लच सोसतो का, हे किमतीच्या आधी पाहायला हवे. आईलाही मागे आणि पुढे, दोन्ही ठिकाणी बसवून उतरवून पाहा.

तुम्ही म्हणालात की पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल असते आणि जुन्या गाड्यांना ते मानवत नाही, म्हणून डिझेलच बरे. या म्हणण्यात तथ्य आहे. जुन्या पेट्रोल गाड्या त्या मिश्रणासाठी बनवलेल्या नव्हत्या आणि त्यांचे मायलेजही थोडे उतरते. पण रुपयांचा हिशेब करू. पाटणला महिन्यातून दोनदा, साताऱ्याला आईच्या तपासणीसाठी एकदा, आणि कऱ्हाडातल्या फेऱ्या धरून तुमचे महिन्याचे फिरणे 500 किलोमीटरच्या वर जात नाही, म्हणजे वर्षाला 6,000. डिझेल गाडीने लिटरला 20 दिले तर 300 लिटर, आजच्या साधारण 91 रुपयांच्या भावाने 27,300 रुपये. पेट्रोलने 16 दिले तर 375 लिटर, 104 रुपयांप्रमाणे 39,000 रुपये. वर्षाची बचत 11,700. त्याच वर्षाची पेट्रोल स्विफ्ट मला इथे साठ हजारांनी स्वस्त दिसते आहे, म्हणजे तो फरक भरून यायलाच पाच वर्षे लागतील. आणि मध्ये चार इंजेक्टरांचे काम निघाले तर तोही हिशेब उरणार नाही. पाच वर्षे म्हणजे 2030. त्याच वर्षी गाडीच्या नोंदणीची 15 वर्षे पूर्ण होतील, मग तपासणी करून नोंदणीचे नूतनीकरण करावे लागेल, त्याचे शुल्कच 5,000 रुपये आहे आणि पर्यावरण कर वेगळा. मागणाऱ्याने सांगितलेल्या किमतीत ही जवळ आलेली मुदत कुठेच दिसत नाही.

सांगली पासिंगमुळे आणखी एक काळजी आहे. 2019 आणि 2021 या दोन्ही वर्षी कृष्णेचे पाणी शहरात शिरले होते आणि त्यात असंख्य गाड्या बुडाल्या. ही त्यांतली असेलच असे नाही, पण पाहायला काही मोजावे लागत नाही. पायाखालचा गालिचा कोपऱ्यातून उचलून खाली मातीचा थर आहे का, सीट सरकतात त्या पट्ट्या गंजल्या आहेत का, स्टेपनीच्या खळग्यात गाळाची रेघ आहे का आणि सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढल्यावर त्याच्या शेवटच्या भागावर पाण्याचा डाग आहे का, हे पाहावे. पुराचे पाणी लागलेली गाडी धुऊन-पुसून छान दिसते. वायरिंग मात्र दोन-दोन वर्षांनी त्रास द्यायला लागते. अशी खूण दिसली तर भाव करत बसू नये.

तुम्ही सांगितलेली दुसरी गाडी, दिल्ली पासिंगची, सत्तर हजारांनी स्वस्त असल्याचे कारणही समजून घ्यावे. राजधानी परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्या चालवण्याला राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने मनाई केली आणि 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ती कायम ठेवली, त्यामुळे तिथल्या गाड्या पडत्या भावाने इतर राज्यांत येऊ लागल्या. तिथल्या आरटीओचे ना-हरकत प्रमाणपत्र, इथली नवी नोंदणी आणि महाराष्ट्राचा कर या सगळ्यांत ती स्वस्ताई बरीचशी वितळून जाईल, आणि धावपळ तुम्हाला करावी लागेल. ती गाडी विचारातून काढून टाकावी.

आता मूळ भावाकडे येते. गेल्या आठवड्यात मी पुणे, कोल्हापूर आणि सांगली मिळून 2014 ते 2016 च्या नऊ व्हीडीआय गाड्यांचे भाव उतरवून घेतले. मागणी 3,40,000 पासून 4,35,000 पर्यंत आहे, आणि मागणीवर व्यवहार होत नाही हे तुम्ही आयुष्यभर बाजार केलेला असल्यामुळे मी सांगायला नको. नोंदी पूर्ण असलेली, काही काम न निघणारी गाडी मी 3,75,000 ची धरते. तुम्ही पाठवलेल्या फोटोंत टायर संपत आलेले दिसतात, चार टायरांचे 20,000 गेले. चढावर इंजिनाचा आवाज वाढतो पण गाडी तेवढी ओढत नाही, असे तुम्हीच म्हणालात; तो क्लच घसरतो आहे, त्याचे मजुरीसह 15,000. बॅटरीचे 6,000. विमा सप्टेंबरमध्ये संपलेला आहे. एवढ्या सीसीच्या गाडीचा नुसता थर्ड पार्टीचा हप्ता 3,416 रुपये आणि वर कर, सर्वसमावेशक विमा घेतला तर 9,000 धरू. हे 50,000 वजा जाता 3,25,000 राहतात. नोंदी स्वच्छ निघाल्या तर 3,40,000 पर्यंत जायला माझी हरकत नाही. नोंदी नसतील तर 3,10,000 च्या वर एक रुपयाही देऊ नये. मीटर खोटे ठरले तर मात्र कोणत्याच भावाने घेऊ नये, कारण ज्याने एक आकडा बदलला त्याने आणखी काय झाकले आहे हे आपल्याला कधीच कळणार नाही.

मालक म्हणतील की मागच्या विम्यात गाडीची किंमत 4,10,000 लावलेली आहे. त्याने विचलित होऊ नका. पाच वर्षांवरच्या गाडीची विम्यातली किंमत मालक आणि कंपनी यांच्या संमतीने ठरते, तिचा बाजारभावाशी बांधलेला संबंध नसतो. त्यांना मिळणारी नो क्लेमची, म्हणजे विम्याचा दावा न केल्याबद्दलची, सवलतही माणसाची असते, गाडीची नव्हे. ती आपल्याला मिळणार नाही.

कागदपत्रांचे थोडक्यात लिहिते. एमपरिवहन अ‍ॅपवर नंबर टाकून मालकांची संख्या, कर्जाचा बोजा आणि पीयूसी पाहून घेतो आहोतच; बोजा दिसला तर बँकेचे पत्र आणि बोजा उतरवण्याचा फॉर्म 35 हातात पडल्याशिवाय इसार देऊ नये. थकलेली ई-चलाने विक्रेत्याने भरावीत. मालकी बदलण्याच्या फॉर्म 29 आणि 30 वर सह्या झाल्यावरच उरलेली रक्कम, आणि तीही बँकेतून. एअरबॅग आणि एबीएस (जोरात ब्रेक दाबल्यावर चाके अडकू न देणारी सोय) 2019 पर्यंत सक्तीचे नव्हते, तेव्हा या गाडीत काय आहे ते आरंभीच विचारा. दोन्ही नसतील तर मला ही गाडी तुमच्यासाठी मुळातच नको आहे. आई शेजारी बसणार आहे.

मी शनिवारी सकाळच्या गाडीने कऱ्हाडला येते, तिथून आपण सांगलीला जाऊ. मालकांना एवढेच सांगून ठेवा की आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका. इंजिनावर हात ठेवून ते थंड असल्याची खात्री करायची आहे. थंड इंजिन पहिल्या सेलला उठते का, उठताना पांढरा किंवा निळा धूर निघतो का, आणि चालू इंजिनावर तेलाचे झाकण उघडले की वाफेचे फुगारे किती जोराने येतात, हे पाच मिनिटांतच दिसेल. नंतर तिथल्याच डिझेल इंजिनाचे पंप आणि इंजेक्टर दुरुस्त करणाऱ्या एखाद्या कारागिराकडून स्कॅनर लावून इंजेक्टर तपासून घेऊ. त्याचे जे काही पैसे होतील ते मी देईन. तोपर्यंत कृपा करून इसार देऊ नका, ओळखीचे आहेत म्हणून पाच हजारही नाही.

आईच्या गुडघ्याचे तेल आणि तुमची बीपीची गोळी इथूनच घेऊन येते. जुन्या चिठ्ठीचा फोटो तेवढा पाठवून ठेवा.

तुमची,
मनू