‘चरबीच आहे ना, काढून टाका की!’

मा. संपादक,
स.न.वि.वि.

‘पेल्विक लायपोमॅटोसिस’ हा आजार दुर्मीळ. ओटीपोटाच्या हाडांच्या पोकळीत, मूत्राशय आणि गुदाशयाभोवती, साधीच चरबी बेसुमार वाढते. वैद्यकीय वाङ्मयात त्याचे पहिले वर्णन १९५९ सालचे. पुरुषांत तो बायकांपेक्षा कितीतरी जास्त आढळतो. सीटी स्कॅनच्या अहवालात हे नाव आले की सोलापुरातल्या नातेवाइकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: चरबीच आहे ना, मग काढून टाका की! म्हणून हे पत्र.

पाठीवरच्या चरबीच्या गाठीला पातळ आवरण असते. चीर दिली की शेंगेतून दाणा सुटावा तशी ती बाहेर येते. इथे आवरणच नाही. चरबी रक्तवाहिन्या, नसा आणि मूत्रवाहिन्या (मूत्रपिंडातून मूत्राशयात लघवी आणणाऱ्या नळ्या) यांच्यामधल्या फटींत शिरलेली, चिवट तंतूंनी चिकटलेली असते आणि सोडवायला गेले की भरपूर रक्त जाते. चरबी कुठे संपते नि मूत्रवाहिनी कुठे सुरू होते हे हाताला कळत नाही. निवडक रुग्णांत चरबी सोडवून मूत्रवाहिन्या मोकळ्या केल्या गेल्या आहेत, पण तो सरसकट उपाय नव्हे. लायपोसक्शनचे, म्हणजे नळीने चरबी ओढून काढण्याचे, तर नावच काढू नये.

खरा धोका मूत्रपिंडांना. मूत्रवाहिन्या दाबल्या जाऊन लघवी वर तुंबते, मूत्रपिंड फुगतात आणि बऱ्याचदा दुखतही नाही. त्यामुळे ऑपरेशनची चर्चा क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचे काम कसे चालले आहे ते दाखवणारी रक्ततपासणी) आणि सोनोग्राफीपासून सुरू व्हावी. सीटीत चरबीमध्ये जाड पडदे किंवा घट्ट गोळा दिसला, तर चरबीचा कर्करोग नाही ना हे बायोप्सीने आधी ठरवावे.

अडथळा असेल तर पहिली पायरी डीजे स्टेंट, म्हणजे दोन्ही टोकांना वेटोळे असलेली बारीक नळी. सांगायला सोपे, टाकायला अवघड. मूत्राशय चारी बाजूंनी दाबला जाऊन वर सरकतो. वर फुगीर, खाली निमुळता, उलट्या थेंबासारखा होतो. मूत्रमार्ग लांबतो आणि ताठ दुर्बीण आत पोहोचत नाही. आतले अस्तर सुजून फोड आलेले असले की मूत्रवाहिनीचे तोंडच सापडत नाही. अशा वेळी लवचीक दुर्बीण वापरतात, नाहीतर पाठीतून मूत्रपिंडात नळी घालून वरून स्टेंट उतरवतात. या अस्तरातल्या बदलांतून क्वचित कर्करोग होतो, म्हणून तिथला तुकडा तपासायला पाठवणे आणि ठराविक काळाने पुन्हा दुर्बीण घालून पाहणे टाळू नये.

स्टेंट साधारण ३ ते ६ महिन्यांनी बदलावा लागतो. आपल्याकडच्या मे महिन्यात पाणी कमी पिणाऱ्याच्या स्टेंटवर क्षार लवकर बसतात. विसरलेला स्टेंट दगडासारखा होतो, ओढला तर तुटतो, आणि मग तो काढायलाच वेगळे ऑपरेशन.

स्टेंटवर भागत नसेल तर मूत्रवाहिनी अरुंद भागाच्या वर कापून मूत्राशयाला नव्याने जोडतात. मूत्राशय मुळात वर सरकलेला असल्याने जोड ताणाविना बसू शकतो. ताण पडला की जोड गळतो किंवा पुन्हा आकसतो. मूत्राशयच निकामी झाला असेल तर शेवटचा मार्ग लहान आतड्याच्या १५ ते २० सेंटिमीटर तुकड्यातून लघवी पोटावर काढून पिशवी लावण्याचा. हा तुकडा घेताना मोठ्या आतड्यालगतचा भाग राखून ठेवतात, कारण बी-१२ जीवनसत्त्व तिथेच शोषले जाते. पिशवीची जागा ऑपरेशनच्या आदल्या दिवशी रुग्णाला बसवून, उभे करून, पॅन्टचा पट्टा कुठे येतो ते पाहून पेनाने आखून घ्यावी. झोपवून आखलेली खूण बसल्यावर पोटाच्या घडीत जाते आणि पिशवी गळत राहते.

अडथळा नसेल तर कापाकापी नको. वजन कमी करून पाहावे (सगळ्यांनाच गुण येतो असे नाही) आणि दर सहा महिन्यांनी क्रिएटिनिन व सोनोग्राफी करावी. एका पायाला अचानक सूज आली तर मात्र तारखेची वाट पाहू नये; दाबल्या गेलेल्या शिरेत गुठळी झालेली असू शकते.

— मूत्ररोग विभागातील एक डॉक्टर, सोलापूर